पुन्हा पुन्हा जिंकलेले कोकण

ऐहोळेच्या मेगुती मंदिराच्या भिंतीवर रविकीर्ती या जैन कवीने शके ५५६ मध्ये, म्हणजे इ.स. ६३४-३५ मध्ये, बदामीच्या चालुक्यांची प्रशस्ती कोरवून घेतली. दुसऱ्या पुलकेशीने हर्षवर्धनाला अडवले, ही त्यातली गोष्ट शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. कोकणाबद्दल ही प्रशस्ती काय सांगते, तिकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पुलकेशीचा बाप पहिला कीर्तिवर्मा नल, मौर्य आणि कदंब या तिन्ही घराण्यांची काळरात्र ठरला, असे कवी आधी सांगतो. हे मौर्य म्हणजे पाटलीपुत्राचे सम्राट नव्हेत, ते कोकणावर राज्य करणारे त्याच नावाचे घराणे. पुढे काही श्लोकांनी पुलकेशीची पाळी येते. त्याने पाठवलेल्या चंडदंडाच्या लाटांनी कोकणातल्या मौर्यांची डबकी वाहून नेली, आणि मदमस्त हत्तींसारख्या दिसणाऱ्या शेकडो नौकांनी त्याने पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेली पुरी नगरी वेढली. ही पुरी म्हणजे घारापुरी की जंजिऱ्याजवळची राजपुरी, हा वाद जुना आहे. माझ्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न दुसराच आहे. बापाने ज्यांची काळरात्र केली, त्यांच्यावर मुलाला पुन्हा स्वारी का करावी लागली? कवीला यात काही विसंगती वाटली नाही, कारण त्याला विजय मोजायचे होते. आपल्याला मात्र राज्य कुणाचे होते हे पाहायचे आहे, आणि तसे पाहिले की दुसरा विजय पहिल्याविरुद्ध साक्ष देतो.

पुढची सगळी प्रकरणे याच एका निरीक्षणावर उभी आहेत. सहाव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत बदामी, मान्यखेट, धार, गोवा, अणहिलवाड आणि देवगिरी येथल्या सत्तांनी उत्तर कोकण जिंकल्याचे किंवा अंकित केल्याचे दावे केले. इतक्या वेळा जिंकावा लागणारा मुलूख फार थोड्या वेळा खरोखर जिंकला गेला असणार. तेव्हा प्रशस्तीतला विजय प्रमाण धरण्यापेक्षा विजयानंतरच्या पाच-दहा वर्षांत त्या मुलखात दान कोण देत होते, कर कोण माफ करत होते आणि बंदरातली जकात कुणाच्या नावाने वसूल होत होती, हे तपासले पाहिजे. मी तसे तपासले तेव्हा हाती आलेला निष्कर्ष असा: कोकणात सत्ता राजधानी घेतल्याने बदलत नसे, बंदरे आणि त्यांतला व्यापारी हाती आल्यावरच ती बदलत असे.

हा प्रकार एकट्या कोकणाचा नाही. पश्चिम युरोपात त्याच शतकांत फ्रँक राजे पिरेनीज डोंगरातल्या बास्कांवर स्वाऱ्या करत होते, आणि तिथली कागदपत्रेही अगदी याच तऱ्हेने बोलतात. ५८१ साली ब्लाडास्ट हा सरदार बास्कांवर चालून गेला आणि सैन्याचा मोठा भाग गमावून बसला. ६०२ साली दोन फ्रँक राजांनी बास्कांना अंकित करून त्यांच्यावर गेनियालिस नावाचा ड्यूक नेमला. ते अंकित झाले असते तर ६३५ साली दागोबेर राजाला त्यांच्यावर मोठी फौज धाडावी लागली नसती. तीच फौज परतताना आर्नेबेर हा सेनानी सूलच्या खोऱ्यात मारला गेला. रविकीर्तीचा लेख ६३४-३५ चा. त्यातली कोकणची स्वारी त्याआधीची असली, तरी साधारण त्याच काळात जगाच्या दोन टोकांना दोन राजसत्ता आधीच ‘जिंकलेल्या’ लोकांशी लढत होत्या.

बास्कांच्या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा ७७८ सालचा आहे. शार्लमेन सारागोसाच्या मोहिमेवर गेला, शहर हाती आले नाही, परतताना त्याने पाम्प्लोना या बास्क शहराचा तट पाडला, आणि १५ ऑगस्टला डोंगरातल्या वाटेवर बास्कांनी त्याच्या सैन्याची पिछाडी गाठून कापून काढली. रोलाँ, एगिहार्ड, आन्सेल्म असे दरबारातले मोठमोठे लोक तिथे पडले. दिवस आपल्याला कळतो तो एगिहार्डच्या मृत्युलेखावरून. राजाच्या अधिकृत वार्षिक नोंदीत या हल्ल्याचा उल्लेखसुद्धा नाही. उलट स्पेनकडचे बास्क आणि नव्हार त्याच वर्षी अंकित झाले, असे तिथे लिहिले आहे. पुढे त्या नोंदी सुधारून लिहिल्या गेल्या आणि आइनहार्डने शार्लमेनचे चरित्र लिहिले, तेव्हा कुठे पराभव कागदावर आला. ८१२ साली शार्लमेनचा मुलगा लुई त्याच डोंगरातून परतला तो बास्कांच्या बायकामुलांना ओलीस धरून, घाट पार होईपर्यंत. अंकित प्रजेच्या मुलखातून जाताना कोणत्या राजाला ओलीस धरावे लागतात? ८२४ साली एब्लुस आणि अझनार हे दोन काउंट तिथेच पकडले गेले. लिहिणाऱ्याने जे दडवले, ते पुढच्या मोहिमेने उघड केले. कोकणाच्या इतिहासाला मी हीच कसोटी लावतो.

आता कोकणाकडे वळू. शिलाहार घराण्याची उत्तर शाखा आठव्या शतकाच्या अखेरीस इथे आली ती राष्ट्रकूटांची मांडलिक म्हणून. कान्हेरीच्या लेण्यांत पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी यांच्या काळचे नवव्या शतकातले लेख आहेत, आणि त्यांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे नाव आदराने वर घेतलेले आहे. मांडलिक असणे म्हणजे काय, हे त्या दगडावर वाचता येते: दान कुणीही दिले, तरी अधिपतीचे नाव आधी. ९७३ साली चालुक्य तैलपाने राष्ट्रकूट सत्ता उलथवली. भिवंडीजवळच्या भादाण्याला मिळालेल्या शके ९१९ च्या, म्हणजे ९९७ सालच्या, ताम्रपटात अपराजित शिलाहाराने राष्ट्रकूटांची वंशावळ आदराने दिली आहे, रट्टांचे, म्हणजे राष्ट्रकूटांचे, राज्य लयाला गेल्याची खंत नोंदवली आहे, आणि पुढे कोणत्याही नव्या अधिपतीचे नाव न घेता दान दिले आहे. चोवीस वर्षे उलटल्यावरही तैलपाच्या घराण्याला तिथे जागा नाही. एका संपूर्ण साम्राज्याचा शोक करणारा आणि त्याच्या वारसदाराला मात्र न ओळखणारा हा लेख माझ्या मते उत्तर कोकणाच्या राजकीय इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

त्यानंतर माळव्याचा परमार राजा भोज आला. बांसवाडा आणि बेटमा येथे मिळालेले त्याचे दोन्ही ताम्रपट १०२० सालचे आहेत. एक कोकणविजयाच्या पर्वानिमित्त दिलेला, तर दुसरा कोकण हस्तगत केल्याच्या पर्वानिमित्त. विजयाचा सण साजरा झाला म्हणजे विजय खरा असणार, याबद्दल मला शंका नाही. पण सहाच वर्षांनी, शके ९४८ मध्ये, छित्तराज शिलाहार साष्टीतल्या जमिनीचे दान देतो, आणि तो ताम्रपट मिळाला आपल्या भांडुपला. त्यात साष्टीला षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचा विषय, म्हटले आहे. अमात्य आणि अधिकारी यांची नावे त्यात आहेत, जमिनीच्या चतुःसीमा आहेत. भोजाचे नाव कुठेही नाही. ज्या प्रदेशाच्या विजयाचे पर्व माळव्यात साजरे होत होते, तिथल्या शेताच्या सीमा ठरवणाऱ्याला माळव्याची दखल घ्यावीशी वाटली नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. आपल्या परंपरेत धर्मविजय हा आदर्श आहे. राजाला पकडावे, मान घ्यावा, खंडणी घ्यावी आणि त्याचे राज्य त्याला परत द्यावे. समुद्रगुप्ताने दक्षिणेत हेच केले. मग शिलाहार गादीवर राहिले यात भोजाचे अपयश कसले? तो त्यांना काढायला आलाच नव्हता. हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. धर्मविजयाने राज्य परत मिळते, मात्र त्याच्या बदल्यात अधिपतीचे नाव स्वीकारावे लागते. राष्ट्रकूटांच्या काळात शिलाहारांनी ते स्वीकारले होते आणि शतकभर दगडावर-तांब्यावर कोरले होते. म्हणजे नाव घालण्याची रीत त्यांना ठाऊक होती. भोजाच्या वेळी त्यांनी ते घातले नाही. महामंडलेश्वर, महासामंताधिपती अशी मांडलिकाची बिरुदे छित्तराज आपल्यापुढे लावतोच, पण त्या सामंताचा स्वामी कोण, ते सांगत नाही. धर्मविजयाची खूण जिथे असायला हवी, नेमकी तिथेच ती नाही.

दुसरा आक्षेप असा की ताम्रपट ही तरी राजाचीच भाषा. प्रशस्तीवर अविश्वास दाखवायचा आणि ताम्रपटावर विसंबायचे, हा पक्षपात नव्हे काय? ताम्रपटाच्या सुरुवातीचे वंशवर्णन आणि पराक्रमाचे श्लोक मीही प्रशस्तीइतक्याच सावधपणे वाचतो. बनावट ताम्रपट असतात हेही खरे. पण दानाचा जो व्यवहाराचा भाग आहे, म्हणजे गाव, शेत, पूर्वेला काय, पश्चिमेला काय, कोणता कर माफ, कोणत्या अधिकाऱ्याने लिहिले, तो खोटा असून भागत नाही. दान घेणाऱ्याला त्या शेताचे उत्पन्न खावे लागते. जो राजा ते मिळवून देऊ शकत नाही, त्याचा ताम्रपट जपून ठेवण्यात कुणाला स्वारस्य असणार?

बाराव्या शतकात ही कसोटी आणखी नेमकी लागते. गुजरातेत अणहिलवाडच्या कुमारपाल राजाच्या दरबारात एका भाटाने कोकणच्या मल्लिकार्जुन शिलाहाराचे ‘राजपितामह’ हे बिरुद उच्चारले आणि राजाला ते झोंबले, असे मेरुतुंगाने १३०५ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘प्रबंधचिंतामणी’त सांगितले आहे. उदयन मंत्र्याचा मुलगा आंबड फौज घेऊन निघाला. कलविणी नदी उतरताच मल्लिकार्जुनाने त्याला गाठले आणि पिटाळून लावले. आंबड परतला तो काळी वस्त्रे, काळे छत्र आणि काळा तंबू घेऊन, आणि राजधानीबाहेरच तळ टाकून राहिला. कुमारपालाने त्याला पुन्हा पाठवले. या वेळी नदीवर पूल बांधून फौज उतरली, मल्लिकार्जुन मारला गेला, आणि ‘राजपितामह’ हे बिरुद आंबडाला मिळाले. ही गोष्ट ११६० च्या सुमाराची. तपशील गोष्टीच्या अंगाने वाढले असतील, पण पहिला पराभव गुजरातच्या ग्रंथकाराने स्वतःहून सांगावा, हे लक्षात घ्यायला हवे. तो सांगता आला तो दुसरा विजय झाला म्हणूनच. दुसरी स्वारी निघाली नसती, तर पहिली आपल्याला कळलीही नसती. अशा किती पहिल्या स्वाऱ्या कायमच्या बुडाल्या असतील, याचा विचार कोकणाचा इतिहास लिहिणाऱ्याने सतत मनाशी ठेवावा.

आणि मल्लिकार्जुनानंतर काय? एका पिढीच्या आत दुसरा अपरादित्य स्वतःला महाराजाधिराज आणि कोंकणचक्रवर्ती म्हणवतो. महामंडलेश्वर हे मांडलिकी बिरुद सोडून शिलाहार सम्राटाच्या भाषेत बोलू लागले, ते गुजरातच्या ‘विजया’नंतर. त्याचा ११८७ सालचा शिलालेख मुंबईत परळला मिळाला. षट्षष्टीतल्या महावली गावच्या एका वाडीचे ठरीव उत्पन्न, २४ द्रम्म, दर्भावतीच्या वैद्यनाथाच्या पूजेसाठी त्यात लावून दिले आहे. हे महावली अभ्यासकांनी कुर्ल्याजवळच्या माहुलशी जोडले आहे. शेवटी दान मोडणाऱ्याला दिलेला शाप आहे, तो जुन्या मराठीत आणि गद्धेगाळीच्या, म्हणजे गाढवाच्या शिवीच्या, उघड्यावाघड्या भाषेत. कारण तो संस्कृत जाणणाऱ्या पंडितांसाठी नव्हता, वाडीच्या आसपास राहणाऱ्या माणसांसाठी होता. चोवीस द्रम्मांची ही नोंद मला आंबडाच्या साऱ्या पराक्रमाहून वजनदार वाटते. राजाचे डोके कापून नेल्यानंतर पंचवीसेक वर्षांनी माहुलच्या वाडीचा सारा कुठे जायचा, हे अणहिलवाडात ठरत नव्हते.

हे असे का होत होते? सह्याद्रीचे घाट आणि पावसाळ्याचे चार महिने, हे पहिले उत्तर कुणालाही सुचेल, आणि ते खोटे नाही. हत्ती-घोड्यांची फौज नाणेघाटाने किंवा बोरघाटाने खाली उतरली तरी खाड्या, चिखल आणि पाऊस यांत तिला मुक्काम करणे अवघड. पण गुजरातहून येणाऱ्याला घाट उतरावा लागत नव्हता, आणि गोव्याचे कदंब तर समुद्रमार्गे येत. तेही टिकले नाहीत. तेव्हा निव्वळ भूगोलाने हे कोडे सुटत नाही. बास्कांबद्दल लिहितानाही डोंगराला फार श्रेय दिले जाते, पण त्याच डोंगरातून फ्रँक फौजा अनेकदा सुखरूप ये-जा करत होत्या. ६३५ साली आर्नेबेरची तुकडी सोडली तर बाकी सैन्य धडपणे परतले. वाट अडते ती त्या वाटेवरच्या माणसांनी अडवायचे ठरवले की.

कोकणातली ती माणसे कोण, याचा माग खारेपाटणच्या ताम्रपटात लागतो. तो अनंतदेव शिलाहाराचा, शके १०१६ चा, म्हणजे १०९४-९५ मधला. त्याच्या आधीची काही वर्षे भाऊबंदकीत आणि परक्यांच्या धुमाकुळात गेली होती. देश उद्ध्वस्त करणाऱ्यांना आपण तलवारीच्या धारेच्या समुद्रात बुडवले, असे अनंतदेव सांगतो. त्यापुढे दान काय? भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांच्या गलबतांना ठाणे, नागपूर, सोपारा आणि चौल या बंदरांत जकात माफ. (हे नागपूर अर्थातच किनाऱ्यावरचे.) श्रेष्ठी म्हणजे व्यापारी, आणि हे व्यापारी राजाचे अमात्यही होते. पडती गादी पुन्हा उभी राहताना राजाने पहिली सवलत कुणाला दिली, हे पाहिले म्हणजे गादी कुणाच्या बळावर उभी राहिली तेही समजते. भोजाजवळ किंवा कुमारपालाजवळ फौज मोठी होती, पण सोपाऱ्याच्या धक्क्यावर गलबत लागले की कुणाला किती द्यायचे, हे ज्यांच्या संमतीने चाले ते भाभण-धणामसारखे लोक शिलाहारांशी बांधलेले होते. राष्ट्रकूटांनी हे नेमके ओळखले होते. चिंचणीला मिळालेल्या ९२६ सालच्या ताम्रपटानुसार संजाणचा कारभार त्यांनी मधुमती, म्हणजे मुहम्मद, नावाच्या अरब वंशाच्या माणसाकडे सोपवला होता, आणि आसपासच्या बंदरांवर त्यानेच आपले अधिकारी बसवले होते. ज्याचा समुद्रावर आणि व्यापाऱ्यांवर वचक आहे, त्याच्या हाती किनारा द्यावा, हे शहाणपण राष्ट्रकूटांच्या मान्यखेटला होते. म्हणूनच त्यांचे आधिपत्य कान्हेरीच्या दगडावर उमटले.

यावर कुणी म्हणेल, शिलाहार तरी कोकणातले कुठे? तेही घाटावरून आलेले, ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवणारे, तेरशी, म्हणजे जुन्या तगरशी, नाते सांगणारे. मग त्यांच्या टिकण्याला कोकणाचा प्रतिकार कसे म्हणायचे? मी तसे म्हणत नाही. बास्कांसारखी वेगळी भाषा बोलणारी, राजाविना लढणारी जमात इथे नव्हती, आणि आजच्या अस्मितेचा रंग त्या काळाला चढवण्यात मला रस नाही. शिलाहार बाहेरून आले, हे माझ्या मुद्द्याला उलट बळच देते. आलेले घराणे बंदरांशी बांधले गेले आणि इथलेच झाले. नुसती फौज घेऊन आलेली घराणी पर्व साजरे करून परत गेली.

याची अखेरची कसोटी तेराव्या शतकात लागली, आणि तिथे निकाल उलटा आहे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर. उरणजवळच्या चांज्याचा त्याचा लेख शके ११८२ चा, म्हणजे १२६० चा. त्यानंतर देवगिरीचा महादेव यादव कोकणावर आला. महादेवाचा मंत्री हेमाद्री आपल्या राजप्रशस्तीत सांगतो की समुद्रात तरण्यात निष्णात असूनही सोमेश्वर सैन्यासह बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला समुद्रातला वडवाग्नी बरा वाटला, अशी कल्पनाही तिथे आहे. अलंकार बाजूला काढले तरी एक गोष्ट उरते: ही लढाई समुद्रावर झाली, आणि राजाला गलबतांतूनही पळून जाता आले नाही. यादवांनी पाठलाग किनाऱ्यावर सोडला नाही. आणि नंतरची नोंद पाहा. १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात रामचंद्र यादवाच्या वतीने अच्युत नायक कोकणचा अधिकारी म्हणून दान देतो, १२९० मध्ये कृष्णदेव नावाचा अधिकारी दिसतो. सम्राटाचे नाव वर, अधिकाऱ्याचे खाली, जमीन कोकणातली. भोजाला आणि कुमारपालाला जे साधले नाही, ते यादवांना साधले. म्हणजे ‘विजय’ हा शब्द मी सरसकट नाकारत नाही. तो दानपत्रात उतरला की मी मान्य करतो.

बोरिवलीच्या एकसर गावातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, याच लढाईचे, असे अनेक अभ्यासक मानतात. सहा दगड, त्यांतले चार पुरुषभर उंचीपेक्षा बरेच मोठे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. काहींच्या तळाशी जमिनीवरची लढाई आहे, घोडे आणि हत्ती आहेत. इतरांवर मात्र डोलकाठ्यांची, ओळीने वल्ही सोडलेली जहाजे एकमेकांवर चालून जाताना दिसतात, माणसे पाण्यात पडताना दिसतात. वरच्या पट्ट्यांत अप्सरा मेलेल्या वीराला उचलून नेतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगासमोर बसलेला असतो. दगडांवरची अक्षरे झिजून गेली आहेत, त्यामुळे आक्षेप घेता येतो आणि घेतलाही जातो: हे वीरगळ अकराव्या शतकातले, भोजाच्या स्वारीचे असू शकतात, गोव्याच्या कदंबांशी झालेल्या झुंजीचेही असू शकतात. शैलीवरून मला तेरावे शतक अधिक पटते, पण माझा युक्तिवाद त्या तारखेवर अवलंबून नाही. लढाई कोणतीही असो, या किनाऱ्यावरचा एक संघर्ष जहाजांवर झाला आणि त्यात मेलेल्यांच्या घरच्यांनी, किंवा त्यांच्या धन्याने, दगडात कोरून ठेवावा इतका तो मोठा होता, एवढे त्या दगडांवरून निर्विवाद सिद्ध होते. रविकीर्ती, हेमाद्री आणि फ्रँकांचे नोंदकार राजांसाठी लिहीत होते. एकसरच्या शिल्पकाराने पाण्यात पडणारी माणसे कोरली, आणि या मोहिमांच्या सगळ्या साधनांत सामान्य लढवय्या दिसतो तो एवढ्याच ठिकाणी. म्हणून या संग्रहात प्रशस्त्यांच्या बरोबरीने वीरगळांना आणि गद्धेगाळींना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत, आणि प्रत्येक स्वारीच्या हकिकतीपुढे त्यानंतरच्या दहा वर्षांतली त्या भागातली दानपत्रे जोडली आहेत. वाचकाने दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.